तारेची मींड लिहावी कशी?

स्वर लिहिता येतो. परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर जातानाची अखंड वाट लिहावी कशी, हा प्रश्न जुनाच आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आपल्या 'क्रमिक पुस्तकमालिके'त मींड दाखविण्यासाठी स्वरांच्या डोक्यावर कमान काढली. निघावे कोठून व पोहोचावे कोठे, एवढे ती सांगते. मधला प्रवास गुरुमुखातूनच घ्यावयाचा.

गिटारीवर तीच अडचण निराळ्या रूपाने येते. टॅब्लेचर म्हणजे सहा तारांच्या सहा आडव्या रेघा. रेघेवरील आकडा स्वराचा नव्हे, पडद्याचा. बोट कोठे ठेवावे ते त्यावरून कळते. पण तार बाजूस ओढली म्हणजे बोट त्याच पडद्यावर राहून स्वर मात्र चढतो. आकडा बिचारा मुका! म्हणून त्यापासून वर वळणारा बाण काढून टोकाशी माप लिहितात. 'पूर्ण' म्हणजे दोन पडद्यांचा चढ, 'अर्धा' म्हणजे एका पडद्याचा. पूर्ण चढास तारेचा ताण सुमारे सव्वापट करावा लागतो, हे नवशिक्याच्या बोटास कोणी सांगावे लागत नाही.

हल्ली हे बाण संगणक काढतो. 'म्यूझस्कोअर'च्या २०२३ सालच्या ४.२ या आवृत्तीत स्वर निवडून आज्ञा दिली की बाण उमटतो, आणि ओढलेला स्वर ऐकूही येतो. 'लिलीपॉण्ड'मध्ये चित्र न काढता अक्षरांत सूत्र लिहावयाचे. दोन्ही विनामूल्य, आमच्याकडील मुलांस ही लहान गोष्ट नव्हे.

येथे अष्टमीस एक वृद्ध भजनीबुवा आहेत. त्यांच्या कित्येक चाली त्यांच्या कंठाखेरीज कोठेही नाहीत, आणि तो कंठ आता थकला आहे. ध्वनिमुद्रण करून ठेवा म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. आम्ही तेही केले. पण ते ऐकून मुले जवळपासचे वाजवितात. लिहावयास बसले म्हणजे नेमके ठरवावे लागते. ऋषभावरून वर जाणारी एक मींड आमच्या विद्यार्थ्याने 'पूर्ण' लिहिली, म्हणजे शुद्ध गंधारापर्यंत. यंत्राने ती वाजविताच बुवांनी नकारार्थी मान हलविली. 'अर्धा' केला, तर कोमल गंधार, तोही नव्हे. शेवटी बाणाच्या टोकाशी पाऊण लिहिले, तेव्हा बुवा म्हणाले, "हां, आता बसला बघ!"

किती सावकाश चढावयाचे, हे मात्र छापील बाणावरून कळेना. ते मुलांनी रेघांखाली मराठीतच लिहून ठेवले, आणि पुढल्या मींडीस हात घातला. बुवांच्या पुष्कळ चाली अद्याप उरल्या आहेत.