शून्य बाइटांचं ऋण

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, घरची मंडळी आहेत. ज्यांच्या जिवावर प्रबंध उभा राहिला ती माणसं मात्र नावानिशी नाहीत. त्यांतल्या एकाबद्दल तरी लिहायलाच हवं.

विषय होता मराठी विकिपीडियावर लिहिणारे टिकतात कसे आणि गळतात कधी. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशातल्या प्रत्येक लेखाचा ‘इतिहास’ कुणालाही उघडता येतो: कोणी, कधी, किती बाइटांचा बदल केला. एकेका सदस्याचं योगदान एपीआयकडून, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागवायच्या सोयीकडून, मागवता येतं. एका खेपेला पाचशे नोंदी मिळतात, पुढच्या पाचशे हव्या असतील तर उत्तरासोबत आलेली खूण परत पाठवायची. सगळंच हवं असेल तर डंप, म्हणजे एकगठ्ठा प्रत, उतरवून घ्यावा, सर्व्हरला उगाच त्रास नको. एवढं कुणीही शिकतं.

नोंदी गोळा करण्याआधी विकिपीडियाच्या ‘चावडी’ या चर्चापानावर कळवलं. उत्तर दिलं एका जुन्या सदस्याने. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून आयुष्य काढलेले गृहस्थ. पुढे फोन सुरू झाले. मी त्यांना काका म्हणू लागले. ते मला अजूनही ‘बाई’ म्हणतात, आणि अहो-जाहो सोडत नाहीत.

‘आधी सांगकामे बाजूला काढा, बाई,’ हा पहिला सल्ला. सांगकामे म्हणजे बॉट, आपोआप संपादनं करणारे प्रोग्राम. २०१३ मध्ये विकिडेटाने ते काम उचलेपर्यंत इतर भाषांतल्या लेखांचे दुवे प्रत्येक लेखाच्या तळाशी लिहावे लागत, आणि ते बहुतांशी सांगकामेच लिहीत. त्या वर्षांच्या नोंदी पाहिल्या तर मराठी विकिपीडियावर जत्रा भरली होती असं वाटावं. काही सांगकाम्यांच्या खात्यावर तशी खूणही नसते. ते वेगावरून ओळखायचे. काकांना ते पाठ होते. दुसरा सल्ला वेळेबद्दल: नोंदींतली वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असते. दुपारी चारला दिसणारं संपादन म्हणजे जेवणं आटोपल्यावर, रात्री साडेनऊला केलेलं. नोकरदारांचा ज्ञानकोश आहे हा, ते म्हणाले.

पण खरं ऋण वेगळंच आहे. कोणाचं योगदान किती, हे बाइटांत मोजायची रीत आहे आणि मीही तेच करणार होते. काकांनी मला त्यांच्या स्वतःच्या योगदानाचं पान उघडायला लावलं. ओळीमागून ओळ, प्रत्येकीपुढे छोट्या बदलाचा ‘छो’, आणि कंसात आकडे: ०, ०, +३, ०, −३, ०.

देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. अनुस्वार घातला की +३, जास्तीचा काढला की −३. आणि पहिली वेलांटी काढून दुसरी दिली तर तीन गेले, तीन आले, हाती शून्य. ‘निती’ची ‘नीती’ केली, शून्य. ‘पुर्व’चं ‘पूर्व’ केलं, शून्य. वर्षानुवर्षं रात्री बसून ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा माणूस माझ्या तक्त्यात काहीच न करणारा ठरला असता. उलट कुठूनतरी मजकुराचा ढीग उचलून ओतणारा पहिल्या क्रमांकावर. काका तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. त्यांना गंमत वाटत होती, मला नाही. शून्यांसाठी मी वेगळा रकाना केला, आधीची आणि नंतरची आवृत्ती अक्षर-अक्षर ताडून पाहणारा प्रोग्राम लिहिला, आणि प्रबंधातलं जे प्रकरण परीक्षकांना आवडलं ते त्या रकान्यातून निघालं.

एका मुद्द्यावर मात्र आमचं जमलं नाही. संशोधनाच्या नीतिनियमांप्रमाणे मी सदस्यनावं काढून आकडे घातले. काका म्हणाले, ‘मजकूर वापरा, पण श्रेय द्या, असं परवाना सांगतो. आणि तुम्ही नावंच पुसताय?’ मी म्हटलं, मजकूर नाही, फक्त नोंदी घेतल्यात. शिवाय कोण किती वाजता जागं असतं हे नावासकट मांडून ठेवणं बरं नाही. ‘ते तिथे उघडंच आहे की,’ ते म्हणाले. आहे खरं. पण विखुरलेलं असणं आणि कुणीतरी एका तक्त्यात ओळीने लावून देणं यांत फरक आहे, असं मला वाटतं. त्यांना पटलेलं नाही.

ऋणनिर्देशात त्यांचं सदस्यनाव घातलं असतं तर तक्त्यातली ओळ शोधायला कुणालाही पाच मिनिटं पुरली असती. म्हणून ‘मराठी विकिपीडियाचे सर्व सदस्य’ एवढंच छापलं. मसुदा त्यांना पाठवला तेव्हा त्या वाक्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या ओळीतला एक स्वल्पविराम मात्र काढायला लावला.