अधांतरी स्थिर राहण्याची विद्या

मुलगा नौदलात वैमानिक झाला, असे ऐकले की आपल्या घरांतून डोळ्यांपुढे उभे राहते ते गर्जत जाणारे लढाऊ विमान. माझ्या भाच्याच्या वाट्याला हेलिकॉप्टर आले, तेव्हा बेळगावची माझी थोरली बहीण खिन्नपणे म्हणाली, "शेवटी पंखाच आला म्हणायचा नशिबी!" तिची समजूत घालावी म्हणून मी तिला एका अधिकाऱ्याची कारकीर्द लिहून कळवली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

अ‍ॅडमिरल करमबीर सिंग यांचा जन्म 1959 साली जालंधरचा. शालेय शिक्षण मात्र आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे आणि लष्करी शिक्षण खडकवासल्याचे. जुलै 1980 मध्ये ते नौदलात अधिकारी झाले आणि 1982 साली हेलिकॉप्टरचे वैमानिक. 'चेतक' आणि रशियन बनावटीची 'कामोव्ह' ही त्यांची वाहने. कामोव्हला एकावर एक असे दोन पंखे असतात व ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. त्यामुळे शेपटीवरच्या पंख्याची गरज उरत नाही आणि युद्धनौकेच्या लहानशा डेकवर ते मावते.

या वैमानिकाचे कसब वेगात नसून थांबण्यात आहे. पाणबुडीचा माग काढताना तो समुद्रावर अधांतरी स्थिर राहतो आणि केबलच्या टोकाला बांधलेले ध्वनियंत्र पाण्यात सोडून खोलवरची चाहूल घेतो. खाली पाणी, भोवती वारा आणि रात्र असेल तर क्षितिजाचाही आधार नाही. परतताना उतरायचे ते लाटांबरोबर वरखाली होणाऱ्या डेकवर. अशा कामात उतावळेपणाला जागा नाही.

पुढे त्यांनी जहाजांचे नेतृत्व केले : तटरक्षक दलाचे 'चांदबीबी', क्षेपणास्त्रनौका 'विजयदुर्ग', विनाशिका 'राणा' आणि 'दिल्ली'. अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या राणीचे आणि कोकणातल्या जलदुर्गाचे नाव या पंजाबी अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत असे गुंफले गेले. महाराष्ट्र व गुजरात क्षेत्राची नाविक धुराही त्यांनी काही काळ वाहिली. 31 मे 2019 रोजी ते नौदलप्रमुख झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले हेलिकॉप्टर वैमानिक.

त्यांच्याच काळात, सप्टेंबर 2020 मध्ये, युद्धनौकांवरील हेलिकॉप्टरांत काम करण्यासाठी प्रथमच दोन तरुण महिला अधिकाऱ्यांची निवड झाली. म्हणजे हा प्रश्न आता केवळ मुलांच्या मातापित्यांपुरता राहिलेला नाही.

मे 2021 मधील तौक्ते वादळ वाचकांना स्मरत असेल. मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-305' हा बार्ज बुडाला, तेव्हा त्यावर 261 माणसे होती. नौदलाच्या जहाजांनी आणि हेलिकॉप्टरांनी खवळलेला समुद्र धुंडाळला. 186 जण वाचले; इतरांच्या घरी मात्र दुःखाची वार्ताच पोहोचली. लाटांत तरंगणाऱ्या माणसाला वेगवान विमान वरून पाहू शकेल, पण त्याच्या डोक्यावर थांबून दोर खाली सोडू शकत नाही. ते काम हेलिकॉप्टरचे.

म्हणून ज्यांच्या मुलामुलींच्या वाट्याला हे काम येईल, त्यांनी ते दुय्यम मानू नये. पेढे वाटावेत, आणि तेही मोकळ्या मनाने.