जेवायला कुठल्या डेकवर?

क्रूझ करून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारतात, सांगा पाहू? समुद्र कसा होता, हा नाही. केबिन केवढी होती, हाही नाही. 'जेवणाचं काय होतं गं?' सोमवारी ऑफिसात शिरले तर लिफ्टमध्येच तिघांनी हेच विचारलं. दुपारी कॅन्टीनमध्ये परत तेच. तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकते.

सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. चार रात्री. मी, आई आणि बाबा. त्या दोघांची पहिलीच परदेशवारी, माझ्या बोनसवर. जहाजाचं नाव मुद्दाम घेत नाही. सिंगापूरहून सुटणाऱ्या बड्या जहाजांवर जेवणाची मांडणी थोड्याफार फरकानं सारखीच असते. तिकिटात धरलेलं जेवण मुख्यतः दोन ठिकाणी: वरच्या डेकवर बुफे आणि खाली मोठी डायनिंग रूम. शिवाय तीन-चार झकपक रेस्तराँ, जिथे वेगळे पैसे मोजावे लागतात. ही काही आजची युक्ती नाही हं. 1912 साली टायटॅनिकवरसुद्धा फर्स्ट क्लासच्या लोकांना नेहमीचं जेवण तिकिटातच होतं आणि वर पैसे भरून जेवायचं वेगळं रेस्तराँही होतं. त्याआधी 1905 मध्ये 'अमेरिका' नावाच्या जर्मन जहाजावर रिट्झच्या नावाचं असंच रेस्तराँ निघालं होतं. थोडक्यात, फुकटच्या जेवणाशेजारी महागडं जेवण मांडण्याची आयडिया शंभर वर्षांहून जुनी आहे.

आईनं निघताना धपाटे, चटणी, मेतकूट, चिवडा असा जंगी बंदोबस्त केला होता. घरी केलेलं जेवण जहाजावर नेता येत नाही, हे मी नियमावलीत वाचलं होतं. आईला सांगायचं धाडस झालं नव्हतं. शेवटी धपाट्यांचा डबा आम्ही टर्मिनलच्या बाहेर उभ्या उभ्या संपवला. सीलबंद पाकिटातला चिवडा मात्र सहीसलामत आत गेला. त्याच्याकडे परत येते.

पहिली रात्र बुफेची. आत शिरताना हात धुवायला लावतात, लाजू नका, धुवा. हजारो माणसं चार दिवस एकाच चमच्यानं वाढून घेणार असतील तर पोटाची साथ पसरायला वेळ लागत नाही. आतमध्ये डोळे फिरतात. सुशी, नूडल्स, रोस्ट, पास्ता, कापलेल्या फळांचे डोंगर आणि एका कोपऱ्यात इंडियन काउंटर. इंडियन म्हणजे काय, तर पनीर. लाल ग्रेव्हीत पनीर, हिरव्या ग्रेव्हीत पनीर, शिवाय छोले आणि घट्ट काळी डाळ. हे सगळं वाईट नव्हतं, पण चार दिवस लग्नाच्या रिसेप्शनला जेवल्यासारखं वाटतं. बाबा खूश होते. देवगडचा माणूस, त्यांनी चार प्रकारचे मासे घेतले आणि सगळ्यांना मीठ कमी आहे असं जाहीर केलं. आईनं भात आणि दही घेतलं. ती शाकाहारी, माळकरी घरातली. लग्नानंतर पस्तीस वर्षं बाबांसाठी मासे करत आली, स्वतः कधी चवही घेतली नाही.

खरं तर त्या रात्री डायनिंग रूममध्ये आमचं टेबल राखलेलं होतं. पण काचेच्या दारातून आईनं पांढरे टेबलक्लॉथ आणि प्रत्येक ताटलीच्या दोन्ही बाजूंना मांडलेले काटे-सुऱ्या पाहिल्या आणि म्हणाली, "मला फारशी भूक नाही. वर जाऊ या." मलाही बरंच वाटलं. बुफेत कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. आपल्याकडची निम्मी मंडळी चारही रात्री वरच जेवतात, त्याचं कारण मला वाटतं चव नाही, संकोच आहे.

दुसऱ्या दिवशी पेनांग. आईनं नाश्त्याला दोन केळी पर्समध्ये टाकली होती, ती गँगवेजवळची पाटी वाचून परत काढावी लागली. जहाजावरचं फळ किनाऱ्यावर न्यायचं नसतं. जॉर्ज टाउनच्या धक्क्यावरून चालत लिटल इंडिया गाठता येतं, आणि तिथे केळीच्या पानावर सांबार-भात समोर आल्यावर आईचा चेहरा फुलला. बाबांनी नासी कांदर शोधून काढलं. खांद्यावरच्या काठीला दोन्हीकडे टोपल्या अडकवून तमिळ मुसलमान फेरीवाले भात-कालवण विकायचे, त्या काठीवरून हे नाव पडलं. "म्हणजे कावडच की," बाबा म्हणाले. माझं मत विचाराल तर बंदरावरच्या दिवशी जहाजावर दुपारचं जेवण जेवू नका. पैसे भरलेत म्हणून पळत परत येणारे लोक आमच्या बसमध्येही होते.

त्या रात्री मी दोघांना जवळजवळ ढकलतच डायनिंग रूममध्ये नेलं. डेक पाच, खिडकीजवळचं टेबल. वेटर आला, छातीवरच्या पाटीवर नावाखाली 'इंडिया' लिहिलेलं. बाबांचं बोलणं कानावर पडताच त्यानं मराठीत विचारलं, "कोकणातले काय?" तो गोव्याचा, बार्देशचा. मग काय! त्याचे आजोबा बोटीवर होते आणि दोन नोकऱ्यांच्या मधे मुंबईत धोबीतलावच्या गावाच्या कुडात राहायचे. गोव्याच्या खलाशांसाठी गावागावाने मुंबईत काढलेली ही वसतिगृहं. बाबा सुरू झाले कोकणबोटीवर: भाऊचा धक्का, डेकवर पथारी, उलट्या, आणि देवगडला बोट लांब उभी राहायची म्हणून पडावातून उतरणं. दुसऱ्या दिवशी फुकेतला आमच्या जहाजानं बाहेर नांगर टाकला आणि आम्हाला छोट्या बोटीत बसवलं, तेव्हा ते केवढ्यानं म्हणाले, "हा तर पडाव!"

मेनूवर किमती नव्हत्या, त्यामुळे आई आणखीच घाबरली. तिला समजावलं: इथे वेगळे पैसे नाहीत. दोन सूप मागव, नाही आवडलं तर परत पाठव, दुसरं मागव. तिला ते पटेना. पानात घेतलेलं टाकायचं? पण तो काट्या-सुऱ्या हळूच बाजूला करून म्हणाला, "आंटी, हातानं जेवा. मी पण तसाच जेवतो." आईनं पोळी उचलली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "ही आचेवर फुगवलेली नाही ना?" तो हसला. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून मुदपाकखान्यात गॅसची ज्योत नसते. सगळं विजेवर. फुलका फुगवायचा तरी कशावर? मग आई म्हणाली, तुमची डाळ चांगली आहे, पण साधं वरण मिळालं असतं तर... हिंग, हळद, बाकी काही नको. "उद्या करून घेतो," तो म्हणाला. आत एक इंडियन कुक होता, त्याच्याशी बोलतो म्हणाला.

इथे माझी माती झाली. तिसऱ्या रात्रीसाठी मी आधीच टेप्पानयाकीचं बुकिंग करून ठेवलं होतं. सरप्राइज! तापलेल्या तव्याभोवती बसायचं, शेफ उलथनी वाजवतो, अंडं हवेत उडवतो, सगळे मोबाइल काढतात. बाबांना कोळंबी सॉलिड आवडली. आईच्या पुढ्यात मश्रूम, वांगं, टोफू आणि भात आला. प्रवेशाचे पैसे शाकाहाऱ्यालाही तेवढेच, हे लक्षात ठेवा. तिघांचे जे बिल झालं, त्यात पुण्यात आमच्या अख्ख्या टीमची पार्टी झाली असती. पैसे भरून जेवायचंच असेल तर बऱ्याच जहाजांवर पहिल्या रात्री किंवा समुद्रावरच्या दिवशी दुपारी सवलत असते, ती आधी विचारा.

चौथ्या रात्री पुन्हा डेक पाच. त्याचं हसणं तेच होतं, पण पाणी ओतता ओतता म्हणाला, "काल वरण तयार होतं, आंटी. साडेनऊपर्यंत ठेवलेलं."

आई माझ्याकडे वळली. "तू यांना कळवलं नव्हतंस?"

कळवायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फोनवर एक बटण दाबलं असतं तरी निरोप गेला असता. मी पुटपुटले की इथे रोज हजारो माणसांचा स्वयंपाक होतो, एका वाटीचं काय एवढं. आई एवढंच म्हणाली, "नऊ वाजता तुझा फोन येतो ना, टीमबरोबर जेवले म्हणून. तेव्हाही घरात वाटी एकच असते."

बाबा मेनूत डोकं घालून बसले. मी सूपच्या चमच्याशी खेळत राहिले. मग वरण आलं. पिवळंधमक, वर तूप, कडेला लिंबाची फोड. आईनं पहिला घास घेतला आणि त्याला विचारलं, घरी जाऊन किती दिवस झाले? चार महिने, अजून पाच बाकी. जेवतोस कुठे? खाली, क्रूच्या मेसमध्ये; भात असतो, कधी कधी कढी. आईनं पर्स उघडली आणि चिवड्याचं पाकीट टेबलक्लॉथवर ठेवलं. त्यानं इकडेतिकडे बघून ते पटकन ट्रेखाली सरकवलं.

टिपेचं विचारताय? माणशी रोजचे ठरावीक पैसे केबिनच्या बिलात आपोआप लागतात. वर हातात काही द्यायचं तर शेवटच्या रात्रीच द्या. सकाळी उतरायच्या गडबडीत माणूस सापडत नाही.

आम्हाला तो सापडला, पण योगायोगानं. शेवटच्या सकाळी बुफेत तुफान गर्दी होती, सगळ्यांच्या बॅगा पायांत. कुणीतरी मागून येऊन आईची रिकामी ताटली उचलली आणि आईनं सवयीनं मान न वळवताच हात बाजूला घेतला. मग आवाज ओळखला.

"अरे, तू इथे कसा?"

"सकाळी ड्यूटी वरच असते, आंटी. रोज."

"रोज? मग आम्हाला दिसला नाहीस तो?"

"पहिल्या दिवशी केळी मीच दिली तुम्हाला," तो म्हणाला, आणि पुढच्या टेबलाकडे गेला.