शेवटचा जोड

तीन सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरची बँक बांधायला मी उस्तादांच्या हाताखाली शिकलो. प्रायमरी स्टारमध्ये, न्यूट्रलसकट. सेकंडरी डेल्टामध्ये, प्रत्येक वाइंडिंग २३० व्होल्टचं. डेल्टाचे दोन जोड आवळून झाले होते. सप्लाय बंदच होता. तिसऱ्या जोडाला पाना लावणार, तोच उस्तादांनी मनगट धरलं. ‘‘आधी मीटर लाव.’’

उघड्या दोन टोकांना मीटर जोडला, सगळे मागे सरलो आणि सप्लाय दिला. काटा ४६० वर जाऊन थांबला. एका वाइंडिंगची टोकं उलटी लागली होती. तीन फेजची व्होल्टेजं एकमेकांपासून १२० अंशांवर असतात, म्हणून जोड बरोबर असतील तर बेरीज जवळजवळ शून्य येते. एक उलटं लागलं की तीच बेरीज एका वाइंडिंगच्या व्होल्टेजच्या दुप्पट होते. तो जोड आवळून सप्लाय दिला असता, तर डेल्टातच शॉर्टसर्किट होऊन वाइंडिंग जळालं असतं. सप्लाय बंद करून मी टोकं बदलली. पुन्हा मीटर लावला. काटा शून्यापाशी आला. मगच जोड आवळला.

चुकीचा जोड असा मीटरवर दिसतो. सुटलेला जोड मात्र लोकांच्या घरात दिसतो. एका पावसाळ्यात गावच्या डीपीवर न्यूट्रलचा लग गंजून सैल झाला. एका घरातले दिवे पिवळे पडले, शेजारच्या घरातले डोळे दिपवू लागले आणि त्या घरातला फ्रिज जळाला. न्यूट्रल सुटला की स्टारचा मधला बिंदू मोकळा होतो. दोन फेजवरची दोन घरं ४१५ व्होल्टवर सिरीजमध्ये येतात. एकीकडे हजार वॉटचा हीटर आणि दुसरीकडे शंभर वॉटचा दिवा असेल, तर दिव्यावर सुमारे ३७७ व्होल्ट येतात आणि हीटरला जेमतेम ३८ उरतात. ज्याचा लोड कमी, त्याचंच नुकसान जास्त. काटकसरीनं वीज वापरणाऱ्याच्या घरातली वस्तू जळते, याचं मला आजही वाईट वाटतं.

नव्या पोरांना मी म्हणूनच सांगतो: डेल्टाचा शेवटचा जोड मीटरला विचारल्याशिवाय करू नका. न्यूट्रलमध्ये फ्यूज घालू नका. न्यूट्रल सगळ्यांत आधी जोडा आणि सगळ्यांत शेवटी सोडा. आणि घरात दिवे अचानक लखलखू लागले, तर कारण शोधत बसू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग लाइनमनला बोलवा.