नऊ इंचांचे लक्ष्य

फेकीतला वेग आणि अचूकता यांचे भांडण चेंबूरच्या मुलाला पुस्तकाआधी इमारतीच्या खिडक्याच शिकवतात, कारण दोन विंगांमधल्या अरुंद जागेत टेनिसचा चेंडू जोरात फेकणे म्हणजे कुणाची तरी काच आणि त्यासोबत आठवडाभराचा खेळ घालवणे असते. हाताला त्यामुळे पहिली सवय लागते ती जपून, खालून फेकण्याची. पुढे मैदानात १५५.९ ते १६३ ग्रॅमचा सीझन बॉल हाती आला की तीच सवय तोकडी पडते.

तीस यार्डांच्या वर्तुळाच्या कडेवरून यष्ट्या २७.४ मीटर दूर असतात. ताशी १०० किलोमीटर वेगाची फेक, हवेचा विरोध सोडला तर, तेथे सुमारे एका सेकंदात पोहोचते आणि ताशी ८० ची त्याहून पाव सेकंद उशिरा. एवढ्यात धावणारा फलंदाज जवळजवळ दीड मीटर सरकतो, म्हणजे बहुधा क्रीजमध्ये शिरलेला असतो. दुसरीकडे, समोरून नऊ इंच रुंद असलेल्या तीन यष्ट्या काटकोनात उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाला एकच यष्टी म्हणून दिसतात. हालचाल जितकी वेगवान तितका नेम ढळतो, या नियमाला मानसशास्त्रात वेग-अचूकतेची देवघेव म्हणतात. रॉबर्ट वुडवर्थने १८९९ मध्ये तिचा अभ्यास मांडला आणि पॉल फिट्सने १९५४ मध्ये तिला सूत्राचे रूप दिले. तरी मैदानावर हळू फेकणे म्हणजे अचूक फेकणे नव्हे, कारण हळू चेंडूला कमान द्यावी लागते आणि मग दिशेबरोबर उंचीचाही अंदाज साधावा लागतो.

वेळ खरा वाचतो तो फेकीच्या आधी: चेंडूवर वाकतानाच पावले वळवून घेण्यात, शिवणीवर आडवी बोटे बसवण्यात आणि उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावे पाऊल यष्टीच्या रोखाने टाकण्यात. १९४८ साली सुरू झालेल्या, भर पावसात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये ओला चेंडू बोटांतून निसटतो आणि वाढलेल्या गवतात मध्येच थांबतो, तेव्हा घाई पायांनी करायची की हाताने, हे तरुण खेळाडूला फार लवकर कळते. चाळिशीत खांदा बोलू लागला की तोच खेळाडू मुकाट्याने एका टप्प्यात यष्टिरक्षकाकडे चेंडू देतो, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

अणुशक्तीनगरात वाढलेल्या सूर्यकुमार यादवने २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउन येथे डेव्हिड मिलरचा झेल घेतला, तोही याच हिशेबाचा होता: पाय पूर्ण वेगात, मात्र सीमेबाहेर पडण्याआधी चेंडू वर उडवणारा हात इतका हलका की पुन्हा आत येईपर्यंत चेंडू हवेतच राहावा. टी-२० विश्वचषकाचा तो अंतिम सामना भारताने सात धावांनी जिंकला.

असा झेल धावफलकावर नावानिशी नोंदला जातो. बॅटला लागलेल्या चेंडूवरचा ओव्हरथ्रो मात्र फलंदाजाच्या धावांत जमा होतो, आणि ज्याची फेक चुकली त्याचे नाव तेथे कुठेच येत नाही.