बर्फातील प्रार्थना

फ्रान्स देशाच्या पूर्व भागात बरगंडी नावाचा प्रांत आहे. तेथील एका टेकडीवर तेझे हे चिमुकले खेडे वसले आहे. जुनी दगडी घरे, एक लहानसे प्राचीन प्रार्थनामंदिर आणि भोवती कुरणे, एवढाच त्याचा पसारा. हिवाळ्यात येथे कधी कधी बर्फ पडते. शनिवारी रात्री आभाळातून हिमकण उतरू लागले, की रविवारी सकाळी सारे गाव अनोळखी वाटू लागते. छपरांवर, कुंपणांवर, निष्पर्ण झाडांच्या काटक्यांवर पांढरा थर चढलेला असतो. पायवाटा बुजून जातात. पाखरेही चिडीचूप असतात.

अशा निःस्तब्ध सकाळी टेकडीवरच्या घंटा निनादू लागतात. तो नाद ऐकताच लोकरीच्या टोप्या कानांवर ओढून माणसे जपून पावले टाकीत निघतात. कोणी पोलंडचा, कोणी पोर्तुगालचा, कोणी दूरच्या कोरियातला, तर कोणी आफ्रिकेतला. दाराशी बुटांचे बर्फ झटकून सारे आत जातात आणि आपल्याकडे कीर्तनाला बसावे तसे जमिनीवर बसतात. मध्यभागी शुभ्र झगे घातलेले बंधू बसलेले असतात. हे संन्यस्त बंधू अनेक देशांतले आहेत. त्यांच्यात कॅथलिक आहेत, तसेच प्रॉटेस्टंटही आहेत. एके काळी याच पंथांच्या अनुयायांनी युरोपात परस्परांचे रक्त सांडले होते!

उपासना सुरू होते. शुभवर्तमानातील उतारा निरनिराळ्या भाषांत वाचला जातो. एखादी लहानशी ओळ पुनःपुन्हा गाइली जाते. कधी ती लॅटिन असते, कधी स्पॅनिश. नवख्यालाही ती तिसऱ्या वेळी म्हणता येते. मग गाणे थांबते आणि कित्येक मिनिटे सारे जण मौन पाळतात. त्या मौनाला भाषांतराची गरज भासत नाही.

हा मेळावा येथे कसा जमला? १९४० साली दुसरे महायुद्ध पेटलेले असताना रोजे शुट्झ नावाचा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण या खेड्यात आला. त्याने एक घर विकत घेतले आणि जीव वाचवण्यासाठी पळत सुटलेल्या निर्वासितांना तेथे आसरा दिला. त्यांत नाझींच्या छळाला भ्यालेले ज्यू लोकही होते. या कामात प्राणांचे भय होते. १९४२ च्या अखेरीस सुगावा लागल्यामुळे त्याला परतणे अशक्य झाले. १९४४ साली तो काही सोबत्यांसह पुन्हा आला.

युद्ध संपले. आता तेझेजवळच्या छावणीत जर्मन युद्धकैदी होते. कालचे जेते आज बंदिवान झाले होते. आसपासच्या लोकांच्या जखमा अजून ओल्या होत्या. अशा वेळी रोजे आणि त्यांचे सोबती यांनी परवानगी मिळवली आणि दर रविवारी त्या कैद्यांना आपल्या घरी बोलावले. अन्नाची टंचाई होती. तरी जे होते ते त्यांच्यापुढे ठेवले आणि त्यांच्यासह प्रार्थना केली. ज्या घराने जर्मनांपासून पळणाऱ्यांना थारा दिला, त्याच घराचे दार जर्मनांसाठीही उघडले!

या वागण्याला पुढे फळ आले. येणाऱ्यांची संख्या वाढली आणि गावातले जुने मंदिर अपुरे पडू लागले. तेव्हा नवे मंदिर बांधण्यासाठी जर्मनीतून तरुण स्वयंसेवक आले. आपल्या राष्ट्राने केलेल्या अपराधांचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी फ्रान्सच्या भूमीवर घाम गाळला. १९६२ साली मंदिर पुरे झाले. त्याला ‘समेटाचे मंदिर’ असे नाव मिळाले.

रोजे २००५ साली निवर्तले. परंतु घंटांचा नाद थांबला नाही. उपासना संपली, की लोक बाहेर येतात, गरम पेयाचे वाडगे दोन्ही हातांत धरून मोडक्यातोडक्या भाषेत एकमेकांची विचारपूस करतात. शत्रूला क्षमा करावी, असे सांगणे सोपे असते. त्याला आपल्या पंक्तीला बसवणे कठीण असते. ते कठीण काम कोणीतरी आधी केले, म्हणून आज अंगणातल्या बर्फावर चहू दिशांनी आलेल्या पावलांचे ठसे एकाच दाराशी मिळालेले दिसतात.