विमानातला राखणदार

लोकसाहित्याच्या तासाला भूतकथा निघाली की वर्गात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो अशा गोष्टी घडतात, दुसरा म्हणतो छे! आम्ही दोघे हा विषय वाटून शिकवतो आणि या वादात आता आम्हां दोघांनाही रस उरलेला नाही. एखाद्या मरणानंतर लोकांनी कोणती गोष्ट रचली, आणि नेमकी तीच का रचली, हे आम्हांला अधिक मोलाचे वाटते. त्यासाठी आम्ही जे उदाहरण घेतो ते मराठी मुलखाबाहेरचे, फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या दलदलीतले आहे.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्कहून मायामीला पोचून उतरण्याच्या बेतात होते. विमान लॉकहीडचे नवेकोरे ट्रायस्टार. आत १७६ माणसे. चाके सोडली, पण पुढची चाके नीट बसल्याची खूण देणारा हिरवा दिवा लागेना. वास्तविक चाके बसली होती. गेले होते ते दिव्यातले बल्ब. कॅप्टन बॉब लॉफ्ट यांनी विमान २००० फुटांवर नेऊन ऑटोपायलटच्या हवाली केले आणि कॉकपिटमधले सगळेच त्या दिव्याच्या मागे लागले. फ्लाइट इंजिनिअर डॉन रेपो चाके डोळ्यांनी दिसतात का हे पाहायला कॉकपिटखालच्या उपकरणांच्या कोठडीत उतरले. इकडे सुकाणूच्या दांड्याला नकळत दाब लागला असावा. ऑटोपायलटने उंची सोडली आणि विमान इतक्या हलक्या उताराने खाली येऊ लागले की ते कोणाला जाणवलेच नाही. उंची ढळल्याचा इशारा वाजला. ध्वनिमुद्रणात तो ऐकू येतो. वाजला तो इंजिनिअरच्या जागेजवळ, आणि इंजिनिअर त्या क्षणी खाली होता. बाहेर, जमीन जवळ आल्याचे सांगणारा एकही दिवा नसलेली दलदल. १०१ माणसे गेली. १९७३ च्या चौकशी अहवालाने कारण दिले ते असे, की शेवटच्या चार मिनिटांत उड्डाणाच्या उपकरणांवर कोणाचेच लक्ष राहिले नाही.

पुढची गोष्ट अहवालात नाही. अपघातग्रस्त विमानाचे धड राहिलेले भाग कंपनीच्या दुसऱ्या ट्रायस्टार विमानांत, विशेषतः ३१८ क्रमांकाच्या विमानात बसवले गेले, आणि त्या भागांबरोबर मेलेली माणसेही आली, अशी बोलवा कर्मचाऱ्यांत पसरली. लॉफ्ट गणवेशात प्रवाशांच्या आसनावर बसलेले दिसत, हाक मारली तर उत्तर देत नसत आणि पाहता पाहता नाहीसे होत. रेपो मात्र बोलत. उड्डाणापूर्वीची तपासणी मी करून ठेवली आहे, असे ते सांगत. विमानाला आग लागण्याचा धोका आहे, सावध राहा, असे बजावत. स्वयंपाकघरातल्या भट्टीच्या काचेत त्यांचा चेहरा दिसे.

आपल्याकडचे मुंजा, हडळ हे बहुधा अतृप्त इच्छेचे धनी. त्यांना काहीतरी हवे असते, निदान झाडावर मुक्काम तरी. या इंजिनिअरला काहीही नको आहे. त्याचे नाते जुळते ते तळकोकणातल्या आणि गोव्यातल्या राखणदाराशी, देवचाराशी. तो रात्री गावाची शीव फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. रेपोंचे भूत असेच फिरते, आणि जिवंतपणी त्या रात्री जे राहून गेले नेमके तेच करते. इशारा वाजला तेव्हा त्याच्या जागी कोणी नव्हते. गोष्टीत ती जागा कधीच रिकामी नसते. ही बोलवा पसरवणारे त्याच जातीच्या विमानांतून रोज उडणारे सहकारी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे अहवालाने ज्यांच्या माथी बेसावधपणा मारला त्यांना या गोष्टीने त्यांचे काम परत दिले, असे आम्हांला वाटते.

येथपर्यंत आम्ही गोष्टीच्या बाजूचे. पण १९७६ मध्ये जॉन जी. फुलर यांनी तिचे पुस्तक केले आणि १९७८ मध्ये त्यावर दूरचित्रवाणीपट निघाला. तोवर ईस्टर्नच्या प्रमुखपदी आलेले फ्रँक बोरमन, चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेले अपोलो ८ चे कमांडर, हे अपघाताच्या रात्री स्वतः दलदलीत उतरले होते. त्यांनी हा सारा प्रकार केराच्या टोपलीत टाकण्याजोगा ठरवला. कंपनीचा इतिहास लिहिणाऱ्या रॉबर्ट सर्लिंग यांनीही अवशेष दुसऱ्या विमानांत बसवल्याचे नाकारले. लॉफ्ट यांच्या पत्नीने आणि मुलांनी तर दावा लावला. आपल्या माणसाचे नावानिशी भूत करून विकले, ही त्यांची वेदना. १९८१ मध्ये फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने दावा फेटाळल्याचा निर्णय कायम केला.

हे सांगत असताना एका वर्षी मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली. तिच्या गावाकडच्या घाटात एका वळणावर रात्री बॅटरी दाखवून गाड्या सावकाश करणाऱ्या ट्रकचालकाची गोष्ट सांगतात. ती तिने प्रथम एसटीत अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकली. "तो माझा काका, सर. गोष्टीत नाव नाही म्हणून ऐकून घेते." आमच्या टिपणांत तोंडी कथा आणि छापील कथा यांतला भेद दोन पाने भरून होता. त्या वर्षापासून आम्ही तो तिच्या वाक्याने शिकवतो. सहकाऱ्यांच्या कुजबुजीत रेपो हे आपल्यातले नाव होते. पुस्तकाच्या वेष्टनावर तोच माल झाला. फुलर यांच्यावर अन्यायही करू नये; त्यांनी लिहिले नसते तर ही कथा आमच्यापर्यंत आली नसती. तरी पुस्तक वर्गात फिरवताना हात थोडा अडखळतो, हे खरे.

ईस्टर्न १९९१ मध्ये बंद पडली. अपघाताला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०२२ मध्ये, मायामी स्प्रिंग्ज येथे मृतांचे स्मारक उभे राहिले. वैमानिकांच्या प्रशिक्षणात ४०१ ची हकिगत आजही सांगितली जाते: अडचण कोणतीही असो, एकाने विमानच उडवत राहायचे.

भुतांच्या गर्दीत त्या रात्रीची एक खरी हकिगत मागे पडते. चिखलात इंधन सांडलेले, काडी ओढायची सोय नाही, जखमी माणसे अंधारात विखुरलेली. विमानातल्या परिचारिकांनी काडी न पेटवण्याची ताकीद दिली आणि वाचलेल्यांना गोळा करून नाताळची गाणी म्हणायला सुरुवात केली. धीर टिकावा, आणि शोधणाऱ्यांना आवाजावरून ठिकाण कळावे म्हणून. रात्री बेडूक पकडायला हवेच्या पंख्याची होडी घेऊन निघालेला एक माणूस तोवर चिखल तुडवत त्यांच्याकडे येत होता.